ठिपकीचा पाय आणि माझं एक्सेल

दर रविवारी सकाळी मी आरे कॉलनीत जातो असं ऑफिसात सांगितलं की लोकांना वाटतं हा जॉगिंगला वगैरे जात असणार. मी जातो मामाच्या गोठ्यावर, दुधाचं रजिस्टर उतरवून घ्यायला. लॉकडाऊनमध्ये हे सुरू झालं, रजिस्टर लिहिणारा पोरगा गावी गेला तो परत आलाच नाही, मला घरी बसून काही काम नव्हतं, मग मामा व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो पाठवायचा आणि मी ते एक्सेलमध्ये भरायचो. ती सवय अजून सुटलेली नाही. मी अकाउंट्सवाला माणूस, आकड्यातली चूक सापडली की मला बरं वाटतं, जनावरातलं मात्र काडीचं कळत नव्हतं. आता थोडं कळतं, आणि ते ज्या गाईमुळे कळलं तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

मामाचा गोठा म्हणजे एकट्याचा नाही, भागीदारी आहे. २२ जनावरं, त्यात १७ म्हशी आणि ५ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) संकरित गाई. आरेमध्ये पहिल्यापासून म्हशींचंच राज्य, १९४९ साली शहरातल्या गल्लीबोळातले तबेले उचलून एका जागी आणायचे म्हणून ही कॉलनी वसवली तीच मुळी म्हशींसाठी, मुंबईला चहाला घट्ट दूध लागतं ना. पण आता सोसायट्यांमधून गाईचं दूध मागणारे वाढलेत, लहान मुलं, आजारी माणसं, डाएटवाले, म्हणून मामाने संगमनेरकडून गाई आणल्या. त्यातली एक ठिपकी. काळी-पांढरी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि स्वभावाने इतकी गरीब की भैय्या तिची धार सगळ्यात शेवटी काढायचा, कारण ती थांबून राहते, पाय आपटत नाही.

हे "पाय आपटत नाही" लक्षात ठेवा.

ठिपकी मागच्या जुलैत व्याली, ऐन पावसात. ऑगस्टच्या शेवटी १६ लिटरवर गेली, मामा खूश. तिच्या शेजारी बांधलेली गौरी तिच्यानंतर नऊ दिवसांनी व्यालेली, ती १५ वर होती. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ठिपकी उतरायला लागली, पण एकदम नाही, आठवड्याला थोडं थोडं करत. आता कुठलीही गाय दोनेक महिन्यांनी टॉपला गेली की पुढे हळूहळू उतरतेच, वेताचा (एकदा व्याल्यापासून आटेपर्यंतच्या काळाचा) उतारच असतो तो, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही आणि मलाही नाही. ऑक्टोबरमध्ये ती ११ वर आली तेव्हा मामाने मनावर घेतलं. आधी पेंड बदलली. मग सडं तपासली, दगडी (कासेचा आजार) तर होत नाही ना म्हणून चारही सडांचं दूध तपासून घेतलं, काही नाही. मग कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या. मग भैय्यावर संशय, की हा धार नीट पिळत नाही किंवा दूध परस्पर विकतो, यावरून चांगलं दोन दिवस भांडण झालं आणि भैय्या जवळजवळ गाव गाठायच्या तयारीत होता. मग कोणीतरी म्हणालं नजर लागली, तर लिंबू-मिरची पण बांधून झाली. म्हणजे कास बघितली, तोंड बघितलं, खाणं बघितलं, माणूस बघितला, भूत बघितलं. पाय कोणी बघितला नाही.

बघणार तरी कसा? गाय लंगडते हे कळायला ती चालली पाहिजे. डेअरीवर लिहिलेलं काहीही वाचा, लंगडेपणा ओळखायचा म्हणजे गाईला सपाट जागेवर चालवा, पाठ बघा, पाठीला बाक आला का, मान खाली-वर होते का, मग १ ते ५ गुण द्या. हे सगळं मोकळ्या गोठ्यातल्या गाईंसाठी. आपल्या मुंबईच्या गोठ्यात जनावर दावणीला बांधलेलं, तिथंच खातं, तिथंच बसतं, तिथंच पहाटे अडीच-तीनला आणि दुपारी तीनला धार काढतात, तिथंच पाइपने धुतात. चालतं कधी? विकत आणल्यावर टेम्पोतून उतरताना आणि आटल्यावर टेम्पोत चढताना. दोन टेम्पोंच्या मधे दहा महिने एका जागी.

तर वसुबारस आली. आई दर वर्षी मामाच्या गोठ्यावर येते पूजेला. त्या दिवशी ती गहू-मूग खात नाही, दूध-दही तर तोंडातही घेत नाही, त्यामुळे मामाच्या गोठ्यात बसून कोरा चहा पितो आम्ही, हा दर वर्षीचा विनोद ठरलेला. पूजेला गौरीच्या आधी ठिपकीचा नंबर, कारण तिची कालवड पण होती. आईने ओवाळलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं, आणि तिची पद्धत आहे की चारही खुरांवर पाणी घालायचं, बाकीच्या बायका पुढच्या दोनच पायांवर घालतात. मागच्या डाव्या पायावर तांब्या ओतला तसा ठिपकीने पाय वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. आईने दुसऱ्यांदा पाणी घातलं, परत तेच.

आई म्हणाली, "अरे दादा, ही हा पाय टेकवतच नाहीये. फक्त टोक लावून उभी आहे."

मामा म्हणाला, "पाणी गार आहे गं."

आई म्हणाली, "तीन पायांना गार नाही आणि चौथ्यालाच गार?"

दुसऱ्या दिवशी, ऐन धनत्रयोदशीला, डॉक्टर आले. पाय दोरीने बांधून वर घेतला, तळव्यावरचं शेण धुतलं, सुरीने वरची मऊ पडलेली खूर थोडी सोलली आणि आत, बाहेरच्या नखीच्या (गाईचं खूर दोन भागांचं, त्यातला एकेक भाग म्हणजे नखी) मागच्या बाजूला, टाचेच्या जरा पुढे, एक गुलाबी-लाल मांसाचा गोळा बाहेर आलेला. बघून माझ्याच पायात कळ आली. सोल अल्सर म्हणाले. म्हणजे तळव्याला व्रण. आणि हे आज-काल झालेलं नाही, खूर महिन्याला साधारण पाच मिलीमीटरच वाढते, आत मार बसला की तो वर दिसायला दोन-तीन महिने जातात. मी उभ्या उभ्या बोटांवर मोजलं, तीन महिने मागे म्हणजे जुलै. म्हणजे व्याली तेव्हा.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला पहिल्यांदा पूर्ण कळलं म्हणून इथे लिहितोय. गाईच्या खुरात आत एक हाड असतं, ते खुराच्या आतल्या बाजूला एका झोळीसारखं टांगलेलं असतं आणि त्याच्या खाली चरबीची एक गादी असते. विताना शरीरात जी हार्मोन्स सुटतात त्यांनी कमरेचे सांधे सैल होतात, म्हणजे वासरू बाहेर यायला जागा होते, पण ती काय फक्त कमरेलाच सैल करत नाहीत, खुरातली ती झोळीही सैल होते. हाड खाली सरकतं आणि तळव्याची आतली नाजूक कातडी हाड आणि जमीन यांच्यात चेमटते. जमीन माती असेल तर सहन होतं. कोबा असेल तर नाही. त्यातून व्याल्यावर गाय दुधाच्या मागे अंगावरची चरबी जाळते, बारीक होते, तेव्हा पायातली ती गादीही पातळ होते. म्हणजे जी गाय जास्त दूध देते, जास्त झिजते, तिचाच पाय आधी जातो. मामाला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण ऑगस्टमध्ये १६ लिटरचं कौतुक तोच सगळ्यांना सांगत होता.

आणि मागच्या पायाची बाहेरची नखीच का, तर मागून कासेच्या दोन्ही बाजूंनी पाय फाकवून उभं राहताना बाहेरच्या नखीवर जास्त भार येतो, मग ती जास्त वाढते, वाढली की उंच होते, उंच झाली की अजून भार येतो. चक्रवाढ व्याजच आहे हे. माझ्या भाषेत सांगायचं तर.

त्या रात्री घरी येऊन मी एक्सेल उघडलं आणि पहिल्यांदाच ठिपकी आणि गौरीच्या दोन रेषा एकावर एक काढल्या. पाच वर्षं मी हे आकडे भरतोय, महिन्याची बेरीज काढतोय, मामाला टोटल पाठवतोय, पण दोन जनावरं शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. गौरी १५ वरून १३ वर आलेली, सरळ हळू उतार. ठिपकी १६ वरून ९ वर. आणि दोघींच्या रेषा एकमेकींना ओलांडतात तो आठवडा वसुबारसेच्या तब्बल सात आठवडे आधीचा. सात आठवडे ती बाई दुखऱ्या पायावर उभी होती आणि तिची तक्रार माझ्या लॅपटॉपमध्ये ओळीने लिहिलेली होती. पाय आपटत नाही, गरीब आहे, असं आपण कौतुक करत होतो. पाय आपटायला दुसरा पाय धड लागतो.

मग मी शोधत बसलो (हे माझं नेहमीचं, काही झालं की रात्री दोनपर्यंत वाचत बसायचं) तर कळलं की हे इंग्लंडमध्ये २००२ सालीच मोजून झालंय. तिथल्या गोठ्यांमधल्या गाईंचं दूध नोंदवून बघितलं, तर लंगडी म्हणून जिला उपचार झाले तिचं दूध त्याच्या चार महिने आधीपासून कमी व्हायला लागलेलं असतं आणि उपचारानंतरही पाच महिने कमीच राहतं, ३०५ दिवसांच्या एका वेतात मिळून सरासरी ३६० किलोचा फटका. आणि गंमत म्हणजे या लंगड्या गाई मुळात जास्त दुधाच्याच असतात, त्यामुळे फटका बसूनही त्या बाकीच्यांच्या बरोबरीने दिसतात आणि मालकाला काही कळत नाही. हे वाचलं तेव्हा मला ठिपकीचा थोडा-थोडा करत झालेला उतारच डोळ्यासमोर आला.

दूध का कमी होतं याचं उत्तर मला आधी वाटलं होतं की दुखतं म्हणून, संपलं. दुखणं आहेच, पण त्याच्या पुढे हिशोब आहे. एक लिटर दूध बनायला कासेतून चारशे-पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं, आणि गाय बसलेली असताना कासेकडे जास्त रक्त जातं. पाय दुखणारी गाय एकतर उठायच्या भीतीने बसून राहते, म्हणजे गव्हाणीकडे जात नाही, कमी वेळा खाते आणि मिळालं की घाईघाईने खाते, मग रवंथ नीट नाही, पोट बिघडतं. नाहीतर उलट, कडक कोब्यावर बसायचाच त्रास होतो म्हणून उभीच राहते. ठिपकी दुसऱ्या प्रकारातली होती. भैय्या नंतर म्हणाला, "ये तो रात में भी खडी रहती थी." मग आधी का नाही बोललास? तर म्हणे कोणी विचारलंच नाही. बरोबर आहे, आपण त्याला दुधाचा चोर ठरवण्यात बिझी होतो.

खुरं साळायला, म्हणजे वाढलेली खुरं कापून नीट करायला, मामाने संगमनेरकडचा एक पोरगा बोलावला, तिकडे एचएफचे मोठे गोठे आहेत, त्यामुळे हे काम करणारी पोरं तयार झालीत. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. टेम्पोत लोखंडी खोडा घेऊन आला, फोल्डिंगचा, दोन्ही बाजूला पट्टे, पाय वर घ्यायला चेन. अख्खं युनिट (आरेतला तबेल्यांचा एक गट) बघायला जमलं, शेजारच्या गोठ्यातले भैय्ये, दोन चारेवाले, एक सायकलवाला जो फक्त रस्त्याने जात होता. आपल्याकडे बैलाला पत्री (खुराला नाल) मारायची म्हटली तर गावात कोणाला नवल नाही, बैल चालला तर गाडा चालतो, नांगर चालतो, म्हणून बैलाच्या खुराकडे पिढ्यान्पिढ्या लक्ष आहे. गाईचं खूर कापायचं म्हटलं की लोक तमाशा बघायला येतात. कारण ती काय पायाने दूध देते का, असं.

त्या पोराची पद्धत बघण्यासारखी होती. मला वाटलं होतं सगळ्यात आधी दुखऱ्या नखीवर सुरी चालवणार. नाही. आधी शेजारची आतली, चांगली नखी धरली. तिची पुढची बाजू, केस संपतात तिथून टोकापर्यंत, चार बोटं मोजली आणि पुढचं कापून टाकलं. मी नंतर पट्टीने माझी चार बोटं मोजली, साडेसात सेंटीमीटर भरली, आणि पुस्तकातही तोच आकडा आहे, डच लोकांनी बसवलेल्या पद्धतीतला, मोठ्या अंगाच्या गाईला थोडं जास्त ठेवतात. टाचेला त्याने हातच लावला नाही, म्हणाला आतल्या नखीची टाच म्हणजे गाईचं भांडवल, ते खायचं नाही. मग बाहेरची नखी त्या आतलीच्या मापाला आणली. मग दोन्हींच्या मधल्या भागात, व्रण होतो नेमक्या त्या जागेवर, थोडी खोलगट वाटी काढली म्हणजे तिथं भार येणार नाही आणि मधे शेण अडकणार नाही. आणि एवढं झाल्यावर मग दुखऱ्या जागेच्या आजूबाजूची सुटलेली, पोकळ झालेली खूर काढली, टाच उतरवली. रक्त जवळजवळ आलं नाही. शेवटी दोन डब्यांमधलं गोंदासारखं काहीतरी कालवून चांगल्या नखीच्या खाली लाकडाचा ठोकळा चिकटवला, म्हणजे सगळा भार ठोकळ्यावर आणि दुखरी नखी हवेत.

भैय्या म्हणाला, "हाई हील." यावर सगळे हसले आणि ठिपकी खोड्यातून बाहेर आली ती चारही पाय टेकवून. जास्तीत जास्त आठ पावलं चालली असेल दावणीपर्यंत, पण मामा कितीतरी वेळ काही बोलला नाही.

डॉक्टरांनी तीन दिवस मेलोक्सिकॅम दिलं. दुखणं कमी करायचं औषध, साळणी आणि ठोकळा अशी तिन्ही मिळून सगळ्यात जास्त गाई बऱ्या होतात हे परदेशात तपासलेलं आहे, तिथे त्यांनी केटोप्रोफेन हे दुखण्यावरचं दुसरं औषध वापरलं होतं, आपल्याकडे ते २०२३ पासून जनावरांसाठी बंद आहे. डायक्लोफिनॅक तर २००६ सालीच बंद झालं, गिधाडांमुळे, औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. मेलोक्सिकॅम त्यांना चालतं. आरेमध्ये बिबट्या येतो, गिधाड मी काही बघितलेलं नाही, पण ठीक आहे. अँटिबायोटिक दिलं नाही, यावर मामा जरा नाराज होता, कारण इंजेक्शन टोचलं नाही तर डॉक्टरने काही केलं असं आपल्याला वाटतच नाही. डॉक्टर म्हणाले हा मार आहे, इन्फेक्शन नाही. दोन नख्यांच्या मधे सडतं, वरचा पाय दोन्ही बाजूंनी सारखा सुजतो, घाण वास येतो, ताप असतो, तेव्हा अँटिबायोटिक, आणि तेव्हा दूध बाजूला काढावं लागतं. प्रत्येक लंगड्या जनावराला पाच दिवस सुया टोचायच्या आणि ते दूध सोसायटीत वाटायचं, हे आजूबाजूला सर्रास चालतं, त्यापेक्षा ठोकळा परवडला. लाळ्या खुरकूत झाली तरी पाय जातात, पण तिथे तोंडात फोड येतात, लाळ गळते, आणि तिची लस वर्षातून दोनदा असते, ती आमच्याकडे चुकत नाही.

दूध लगेच वाढलं असेल असं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. मी रोज रात्री मामाला फोन, आज किती? नऊ. आज? सव्वानऊ. दोन आठवडे नऊच्या आसपास. मग नोव्हेंबरअखेर साडेदहा, डिसेंबरात अकरा. ठोकळा पाचव्या आठवड्यात आपोआप निघून पडला. पण गौरीच्या रेषेला ती त्या वेतात परत भिडलीच नाही. गौरीशी ताडून बघितलं तर जानेवारीपर्यंत तीनशे लिटरच्या आसपास गेले, आम्ही गाईचं दूध ६५ ने देतो म्हणजे साडेएकोणीस हजार. साळणीचे जनावरामागे ४०० घेतले त्या पोराने. शिवाय ती माजावर उशिरा आली, तिसऱ्या भरवणीला गाभण राहिली, त्याचा हिशोब मी लावलेला नाही, मामाला अजून एक आकडा ऐकायचा नव्हता.

आता सगळ्या गोठ्यात हे करायचं ठरल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. भागीदार म्हणाले गाईंचं ठीक आहे, म्हशींवर कशाला खर्च? त्यांचंही अगदी चूक नाही. मुंबईचा धंदा असा आहे की ताजी व्यालेली म्हैस गुजरात-हरियाणाकडून आणायची, एक वेत पिळायचं, आटली की काढून टाकायची, जागेचं आणि चाऱ्याचं भाडं भाकड जनावरावर परवडत नाही. म्हणजे म्हैस ही पेइंग गेस्ट. पेइंग गेस्टच्या चपला कोण शिवून देतो? पण त्यातही माझं म्हणणं हे की दहा महिने जरी राहणार असली तरी दूध त्याच दहा महिन्यांत द्यायचंय ना, आणि लंगडेपणाचा फटकाही नेमका त्याच महिन्यांत बसतो. मी त्यांना म्हशींच्या रेषा काढून दाखवल्या. १७ पैकी तीन म्हशींची रेषा ठिपकीसारखी मोडलेली. बघितलं तर दोघींची खुरं पुढून वाढून मोजडीसारखी वर वळलेली, बांधलेल्या जनावराची झिजतच नाहीत ना, आणि तिसरीच्या टाचा शेणा-मुताने कुजलेल्या. भागीदार तयार झाले.

मग एक चूकही झाली, ती लिहितो. संगमनेरचा पोरगा लग्नसराईत अडकला म्हणून दुसरा एक जण बोलावला, ग्राइंडरवाला. फटाफट काम, तासाभरात सहा जनावरं, सगळी खुरं चकाचक, फरशीसारखी. आम्ही फोटो काढले. तिसऱ्या दिवशी त्यातली एक म्हैस उठेना. डॉक्टरांनी तळव्यावर अंगठा दाबला तर तळवा आत दबत होता, इतका पातळ केलेला. टोकाला निदान अर्धा सेंटीमीटर तरी जाडी राहायला हवी, नाहीतर कोब्यावर ते जनावर म्हणजे उन्हात डांबरी रस्त्यावर अनवाणी. तिला महिनाभर रबर मॅटवर ठेवली. चकाचक खूर म्हणजे चांगलं खूर नाही, एवढं त्यात शिकलो, तिच्या खर्चाने.

मॅट आम्ही आधी पाचच घेतल्या, एक अडीच हजारच्या आसपास पडली. खुरं कुजू नयेत म्हणून मोरचुदाच्या पाण्याचाही प्रयोग केला. शंभर लिटरला पाच किलो मोरचूद, त्यातून जनावरं चालवायची. पण आमची जनावरं चालतच नाहीत हे विसरलो होतो! शेवटी टबात एकेक पाय बुडवायचा कार्यक्रम केला, म्हशीने टबात शेण टाकलं, शेण पडलं की ते पाणी बाद, आणि ते निळं पाणी ओतायचं कुठे हा वेगळाच प्रश्न, आरेतल्या गटारात ओतलं तर ते पुढे ओढ्यात जाणार. बंद केलं. आता फक्त पावसाळ्याचे चार महिने शेण दिवसातून चारदा ओढतात, पूर्वी दोनदा ओढायचे, आणि पाइपने धुतल्यावर खराट्याने पाणी काढतात. ओल राहिली की खूर मऊ पडते आणि मऊ खूर कोब्यावर साबणासारखी झिजते, मुंबईच्या पावसात यापेक्षा जास्त काय करणार.

बांधलेलं जनावर लंगडतंय हे कसं ओळखायचं याचं उत्तर मात्र मिळालं. चालवायची गरज नाही, उभं असतानाच बघायचं. एक पाय सारखा टोकावर ठेवतं का. मागचे दोन पाय आलटून पालटून उचलतं का, बसच्या रांगेत आपण करतो तसं. मागच्या नालीच्या कडेवर टाच बाहेर काढून उभं राहतं का, म्हणजे टाचेवर भार नको म्हणून. आणि त्याला हाताने डावीकडे-उजवीकडे ढकललं तर एका पायावर वजन टाकायला कचरतं का. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की पाय वर घेऊन बघायचा. मी हे भैय्याला हिंदीत सांगितलं तर तो म्हणाला यह तो हमको पता है, गाँव में बैल ऐसे ही देखते हैं. घ्या.

तर एक्सेलमध्ये आता दुधाच्या शेजारी "पाय" म्हणून कॉलम आहे. भैय्याला लिहिता येत नाही, म्हणून तो काय करतो, ज्या जनावराचा संशय येईल त्याच्या मागच्या भिंतीवर कोळशाने फुली मारतो. मी रविवारी गेलो की आधी भिंत बघतो, मग रजिस्टर. या रविवारी दोन फुल्या होत्या, एक ११ नंबरच्या म्हशीमागे, तिचं दूध अजून जागेवर आहे, आणि एक गौरीमागे, तिचं चार दिवसांपासून पाव लिटर कमी. ठिपकीमागे काही नाही. ती सात महिन्यांची गाभण आहे, आता आटवायची, आणि आटवताना खुरं साळून घ्यायची, एकदा पाय गेलेली गाय पुढच्या वेतात परत लंगडायची शक्यता जास्त असते म्हणे. संगमनेरच्या पोराला फोन केलाय. गुरुवारी येतो म्हणालाय, त्याचा गुरुवार कधीकधी शनिवारी असतो.